कार्ल एल्सनर : सैनिकाच्या खिशातल्या चाकूचा कारागीर

सव्वाशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एका कारागिराने घडीचे चाकू बनवले आणि त्यांना नावे दिली. एक विद्यार्थ्याचा चाकू, एक शेतकऱ्याचा चाकू आणि एक कॅडेटचा चाकू. त्या काळी तिकडच्या अनेक गावांत शाळकरी मुलांच्या कॅडेट तुकड्या असत. मुले गणवेश घालून कवायत करत आणि हलक्या बंदुकांनी नेमबाजी शिकत. म्हणजे त्या कारागिराच्या डोळ्यांसमोर आपल्याच वयाची, आपल्यासारखीच मुले होती. त्या कारागिराचे नाव कार्ल एल्सनर. लाल मुठीचा आणि पांढऱ्या क्रॉसचा जो स्विस चाकू आज जगभर ओळखला जातो, तो त्यांच्या कारखान्यातून जन्माला आला.

आमच्या इथे साहसी शिबिर जवळ आले की मेसमध्ये एकच वाद रंगतो, सगळ्यात चांगला घडीचा चाकू कोणता? कोणी व्हिक्टोरिनॉक्सचे नाव घेतो, कोणी फ्रान्सच्या ओपिनेलचे, कोणी अमेरिकेच्या बकचे. ज्याच्या काकांनी परदेशातून जो चाकू आणला असेल, तो त्याच्या मते सर्वोत्तम! मला वाटते की हा वाद नुसत्या किमतीवरून आणि पात्याच्या लांबीवरून सुटणार नाही. चाकू कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अडचणीतून बनवला हे कळले, तर तो कशासाठी चांगला आहे हेही कळते. म्हणून आधी एल्सनर यांचे चरित्र सांगतो आणि मग तुलनेकडे वळतो.

टोपीवाल्याचा मुलगा

कार्ल एल्सनर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८६० रोजी झाला. त्यांचे वडील टोप्या बनवत. आईचे नाव व्हिक्टोरिया. श्विझ गावात तिचे टोप्यांचे दुकान होते. स्वित्झर्लंडच्या मधोमध, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या या श्विझ प्रांतावरूनच त्या देशाला नाव मिळाले आहे. १२९१ साली ज्या तीन प्रांतांनी एकत्र येऊन शपथ घेतली असे मानतात, त्यांतला हा एक.

नाव मोठे असले तरी एकोणिसाव्या शतकात हा प्रांत गरीब होता. आज स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याला बँका, घड्याळे आणि चॉकलेट आठवतात. त्या काळी मात्र श्विझमध्ये शेती थोडी, कारखाने जवळजवळ नाहीत आणि हाताला काम नाही अशी स्थिती होती. पुष्कळ तरुण घर सोडून परदेशी जात. कोकणातली माणसे जशी पोटासाठी मुंबईला गेली तसेच ते, फक्त त्यांची मुंबई समुद्रापलीकडे अमेरिकेत होती.

कार्ल यांनी वडिलांचा टोप्यांचा धंदा धरला नाही. ते चाकू-सुऱ्या घडवण्याचे काम शिकले. त्या काळच्या रीतीप्रमाणे शिकाऊ कारागीर उस्तादाकडे काम शिकून झाला की गावोगावच्या कारखान्यांत हात तयार करायला बाहेर पडे. कार्ल पॅरिसला गेले आणि नंतर दक्षिण जर्मनीतल्या टुटलिंगनला. टुटलिंगन हे गाव शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी आजही प्रसिद्ध आहे. डॉक्टरच्या हातातले पाते आणि स्वयंपाकघरातली सुरी यांत केवढा फरक असतो, पोलादाला पाणी कसे द्यायचे, धार किती बारीक ठेवायची, ही विद्या त्यांनी तिथे पाहिली.

पॅरिससारख्या शहरात राहिलेला कुशल कारागीर तिथेच पैसे कमवू शकला असता. पण कार्ल परत आले. १८८४ साली, वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, त्यांनी श्विझजवळच्या इबाख इथे स्वतःचा कारखाना उघडला. कारखाना म्हणजे ओढ्याकाठची कार्यशाळा. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरे आणि त्या चाकावर धार लावायची व चकाकी आणायची यंत्रे चालत. तिथे सुऱ्या, वस्तरे आणि डॉक्टरांची हत्यारे तयार होत. आई आपल्या दुकानात टोप्यांबरोबर मुलाचा माल मांडून विकत असे. एल्सनर यांचे पहिले भांडवल आणि पहिले दुकान, दोन्ही आईच होती असे म्हटले तरी चालेल.

नवी बंदूक आणि एक स्क्रू

आता गोष्ट सैन्याकडे वळते. १८८९ साली स्विस सैन्याने श्मिट-रुबिन ही नवी रायफल स्वीकारली. ७.५ मिलिमीटरची गोळी, बारा गोळ्यांचे मॅगझिन आणि मागेपुढे सरळ ओढायचा बोल्ट. रायफल चांगली होती, पण ती साफ करण्यासाठी खोलायची तर स्क्रू ड्रायव्हर लागे. शिवाय शिपायांना डब्यातले अन्न मिळू लागले होते, म्हणजे डबा उघडायलाही काही हवे. प्रत्येक शिपायाने स्क्रू ड्रायव्हर वेगळा, डबा फोडायचे हत्यार वेगळे आणि चाकू वेगळा बाळगायचा का?

सैन्याने ठरवले की सगळे एकाच घडीच्या चाकूत असावे. त्याला मॉडेल १८९० म्हणतात. त्यात चार हत्यारे होती. एक पाते, एक डबा उघडायचे हत्यार, एक स्क्रू ड्रायव्हर आणि चामड्याला भोक पाडायची आरी. मूठ गडद रंगाच्या ओक लाकडाची. दिसायला साधा, वजनाला जड, पण दणकट.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण प्रश्नमंजूषेत ती हमखास चुकीची सांगितली जाते. स्विस सैन्याचा पहिला चाकू स्वित्झर्लंडमध्ये बनलेला नव्हता. एवढे चाकू एकदम बनवू शकेल असा एकही कारखाना देशात नव्हता. म्हणून पहिले १५,००० चाकू जर्मनीतल्या झोलिंगन शहरातल्या वेस्टर कंपनीने बनवून दिले. ते ऑक्टोबर १८९१ मध्ये पोहोचले.

म्हणजे एल्सनर यांनी सैनिकी चाकूची कल्पना काढली नाही आणि पहिला चाकूही बनवला नाही. मग त्यांचे मोठेपण कशात? माझ्या मते, यानंतर त्यांनी जे केले त्यात.

देशाचा चाकू देशात

स्विस सैन्य हे नागरिकांचे सैन्य आहे. तिथला शेतकरी, शिक्षक, दुकानदार ठरावीक दिवस लष्करी सेवा करतो आणि आपले सामान घरी सांभाळतो. अशा प्रत्येक घरात जाणारा चाकू परदेशातून यावा आणि इथले कारागीर कामाअभावी देश सोडून जावेत, हे एल्सनर यांना पटले नाही. हा चाकू देशातच बनला पाहिजे असे त्यांनी ठरवले.

एकट्याच्या कार्यशाळेला हे झेपणारे नव्हते. १८९१ साली त्यांनी स्विस चाकू कारागिरांची संघटना उभी केली. कल्पना अशी की प्रत्येकाने थोडेथोडे चाकू बनवायचे आणि सगळ्यांनी मिळून सैन्याची मागणी पुरी करायची. त्याच वर्षाच्या अखेरीस चाकू बनायला लागले.

पण गणित जमेना. झोलिंगनमध्ये कामाची वाटणी झालेली होती. एक जण फक्त घडतो, दुसरा फक्त घासतो, तिसरा फक्त जोडतो आणि यंत्रांवर हजारो नग एकदम निघतात. इबाखमध्ये मात्र कारागीर हाताने एकेक चाकू पुरा करत होते. झोलिंगनचा चाकू स्वस्त पडे. सैन्याने त्याच किमतीत माल मागितला तर स्विस कारागिराला प्रत्येक चाकूमागे तोटा होई. थोड्याच काळात संघटनेतले सोबती एकेक करून बाजूला झाले. त्यांना दोष देता येणार नाही, त्यांनाही घर चालवायचे होते.

एल्सनर एकटे उरले. त्यांनी काम थांबवले नाही आणि त्याची किंमतही मोजली. साठवलेले पैसे गेले, कर्ज झाले, दिवाळे निघायची वेळ आली. नातेवाईक मदतीला धावले म्हणून कारखाना वाचला. तेव्हा ते तिशीत होते. घरात मुलेबाळे, डोक्यावर कर्ज आणि हातात असा एक माल जो जितका जास्त बनवावा तितका तोटा वाढेल.

या जागी चरित्र वाचताना मी थांबलो. आपल्याला नेहमी शिकवतात की जिद्द सोडू नका. पण नुसत्या जिद्दीने एल्सनर बुडाले असते. देशप्रेमानेही कर्ज फिटत नाही. झोलिंगनशी किमतीत लढायचे तर ते हरणार हे आकड्यांतच लिहिलेले होते. वाचायचे असेल तर झोलिंगनकडे नाही अशी वस्तू बनवायला हवी होती.

दोन स्प्रिंगा, सहा हत्यारे

ती वस्तू त्यांना स्प्रिंगमध्ये सापडली. घडीच्या चाकूचे रहस्य पात्यात कमी आणि पाठीच्या स्प्रिंगमध्ये जास्त असते. मुठीच्या पाठीला पोलादाची एक पट्टी बसवलेली असते. पात्याचे मूळ, म्हणजे रिबिटावर फिरणारा भाग, चौकोनासारखा घडवलेला असतो. पट्टी त्याच्या सपाट बाजूवर दाबून बसते. म्हणून पाते उघडताना आधी जोर लागतो, मग टक् असा आवाज होऊन ते जागेवर थांबते, आणि बंद करतानाही तसेच. ही पट्टी सैल असेल तर पाते लटपटते, फार कडक असेल तर नख मोडते.

जुन्या पद्धतीत हत्यारे वाढवायची म्हणजे स्प्रिंगा वाढवायच्या आणि चाकू जाड व जड होऊ द्यायचा. एल्सनर यांनी विचार उलटा केला. एका स्प्रिंगला दोन टोके असतात, तेव्हा दोन्ही टोकांवर एकेक हत्यार बसवता येते. दोन स्प्रिंगांवर चार झाली. शिवाय स्प्रिंगची पाठ रिकामीच असते. तिच्यावरही हत्यार बसवले तर तीच स्प्रिंग त्यालाही धरून ठेवेल. अशा रीतीने केवळ दोन स्प्रिंगांवर सहा हत्यारे बसली. सैनिकी चाकूतली चार, शिवाय एक लहान पाते आणि बाटलीचे बूच काढायचा पिळाचा स्क्रू. एवढे असून हा चाकू सैनिकी चाकूपेक्षा हलका आणि देखणा होता.

१२ जून १८९७ रोजी या चाकूची रीतसर नोंदणी झाली. नाव होते अधिकाऱ्यांचा आणि खेळाडूंचा चाकू. गंमत अशी की सैन्याने हा चाकू कधीच सरकारी सामानात घेतला नाही. बूच काढायचा स्क्रू लढाईला काय कामाचा, असे वाटले असेल! पण अधिकारी स्वतःच्या पगारातून तो विकत घेऊ लागले. मग सामान्य लोक घेऊ लागले. सरकारी मागणीने ज्या कारखान्याला कर्जात लोटले, त्याला सरकारने न मागितलेल्या चाकूने बाहेर काढले.

मला या चरित्रातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. स्वदेशी असणे हे एल्सनर यांच्या मालाचे कारण होते, पण गिऱ्हाइकाने तो घेतला तो चांगला होता म्हणून. आज आपल्या देशात रायफलीपासून विमानापर्यंत सगळे इथेच बनवायचे असे म्हणतो, तेव्हा हे दोन्ही भाग लक्षात ठेवायला हवेत.

आईचे नाव

१८९३ मध्येच स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषिक भागात, डेलेमाँजवळ, सैनिकी चाकू बनवणारा आणखी एक कारखाना सुरू झाला. पुढे तो वेंगर या नावाने प्रसिद्ध झाला. एक जर्मन भाषिक भागातला, एक फ्रेंच भाषिक भागातला. दोन्ही भाग खूश राहावेत म्हणून १९०८ साली सैन्याने मागणी निम्मी-निम्मी वाटून दिली. अनेक भाषांच्या देशात कसे वागावे लागते हे आपल्याला सांगायला नको. आमच्या एका खोलीत पाच भाषा बोलणारी मुले राहतात.

१९०९ साली व्हिक्टोरिया वारल्या. ज्या आईने आपल्या टोप्यांच्या दुकानात मुलाचे पहिले चाकू विकले, तिचे नाव एल्सनर यांनी आपल्या मालाला दिले. त्याच वर्षी ढालीवरचा क्रॉस हे चिन्हही नोंदवले गेले. आता प्रत्येक पात्याच्या मुळाशी आईचे नाव कोरले जाऊ लागले.

२६ डिसेंबर १९१८ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कार्ल एल्सनर यांचे निधन झाले. पहिले महायुद्ध संपून जेमतेम दीड महिना झाला होता. त्यांनी व्हिक्टोरिनॉक्स हा शब्द कधी ऐकलाच नाही. कारण तो नंतर तयार झाला. १९२१ साली कारखान्यात न गंजणारे पोलाद वापरायला सुरुवात झाली. अशा पोलादाला फ्रेंच शब्दावरून इनॉक्स म्हणतात. व्हिक्टोरिया आणि इनॉक्स मिळून व्हिक्टोरिनॉक्स झाले. अर्धे नाव आईचे आणि अर्धे पोलादाचे!

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी हे चाकू मोठ्या संख्येने घेतले. जर्मन नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी सरळ स्विस आर्मी नाइफ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव जगभर झाले. १९९५ साली अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांनी मीर या रशियन अंतराळ स्थानकाचे दार उघडताना हाच चाकू वापरला. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि शंभर वर्षांची वाटणी संपली. कारखाना अजून इबाखलाच आहे आणि एल्सनर घराण्याच्याच हातात आहे.

मग कोणता चाकू चांगला?

आता मेसमधल्या वादाकडे येतो. रोज जवळ बाळगायच्या चाकूला मी चार कसोट्या लावतो. खिशात जड होतो का? पाते बोटावर मिटण्याचा धोका किती? पावसात टिकतो का? आणि धार आपली आपल्याला लावता येते का?

व्हिक्टोरिनॉक्स. आजचा त्यांचा कॅडेट हा चाकू ८४ मिलिमीटर लांबीचा, ॲल्युमिनियमच्या मुठीचा आणि पन्नास ग्रॅमहून हलका आहे. खिशात आहे हे विसरायला होते. पोलाद न गंजणारे आहे आणि फार कडक केलेले नाही. त्यामुळे धार लवकर कमी होते, पण साध्या दगडावर लवकर परतही येते. उणीव एकच, पण महत्त्वाची आहे. त्याचे पाते अडकत नाही, फक्त स्प्रिंगने धरलेले असते. टोकाने टोचायला किंवा उलटा जोर द्यायला गेलात तर ते बोटावर मिटू शकते. स्विस सैन्याला २००८ नंतर मिळालेला नवा चाकू १११ मिलिमीटरचा आहे. त्याचे पाते एका हाताने उघडते आणि उघडल्यावर पक्के अडकते. पण तो मोठा आहे, रोजच्या खिशाचा नाही.

ओपिनेल. हा एल्सनर यांच्या चाकूचा समवयस्क. १८९० सालीच, आल्प्सच्या फ्रेंच बाजूला सॅव्हॉय भागात, जोसेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या तरुणाने तो बनवला. लोहारकाम त्याच्या घरातच होते. त्याच्यामागे सैन्याची मागणी नव्हती, त्याचा चाकू शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या खिशात गेला. १८९७ मध्ये एक ते बारा अशा क्रमांकांची मापे आली. आठ नंबरचा सगळ्यांत परिचित, त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. १९५५ पासून त्याला फिरवायची एक कडी बसवतात. कडी फिरवली की पाते अडकते. सगळा चाकू पाच भागांचा आहे. पाते, लाकडी मूठ, दोन कड्या आणि एक रिबीट. हलका, स्वस्त आणि फळ कापायला किंवा लाकूड तासायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण साध्या पोलादाचे पाते पुसून तेल लावून ठेवले नाही तर गंजते आणि पावसाळ्यात लाकडी मूठ फुगून पाते उघडता उघडत नाही. कोकणात किंवा चेरापुंजीला नेणार असाल तर न गंजणाऱ्या पात्याचा घ्या.

बक. अमेरिकेत हॉइट बक हे लोहारकाम शिकलेले गृहस्थ जुन्या कानशींपासून चाकू बनवत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांसाठी चाकू बनवले. त्यांच्या कंपनीने १९६४ मध्ये ११० क्रमांकाचा घडीचा चाकू आणला. पाठीवरचा खटका पाते इतके पक्के धरतो की चाकू घडीचा आहे हे विसरावे. मुठीला पितळ आणि लाकूड. जंगलातल्या शिकाऱ्यासाठी तो बनवला होता. पण वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणून तो खिशात नव्हे तर पट्ट्याच्या म्यानात शोभतो.

रामपुरी. आपल्या देशातला सर्वांत प्रसिद्ध घडीचा चाकू उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. तिथल्या कारागिरांचा हात कोणाहून कमी नाही. पण एल्सनर यांच्या चाकूला सैनिक आणि प्रवासी गिऱ्हाईक मिळाले, तर रामपुरीला हिंदी सिनेमातले खलनायक. लांब पाते आणि बदनाम नाव यामुळे तो रोजच्या कामाचा चाकू राहिला नाही. मला याचे वाईट वाटते. त्याच कारागिरांनी आखूड पात्याचा, डबा उघडायच्या हत्याराचा एक शिबिराचा चाकू बनवला तर मी तोच घेईन.

माझा निकाल असा. एकच चाकू घ्यायचा असेल आणि तो कॅडेटला लागणार असेल, तर लहान व्हिक्टोरिनॉक्स. कारण शिबिरात आपण कापण्यापेक्षा जास्त वेळा डबे उघडतो, स्क्रू आवळतो आणि पट्ट्याला नवे भोक पाडतो. मॉडेल १८९० च्या शिपायाची कामे अजून तीच आहेत. स्वयंपाकाची जबाबदारी ज्याच्याकडे असेल त्याने ओपिनेल घ्यावा. बक मोठे झाल्यावर बघू.

पालकांना एक सूचना. बाजारात लाल मुठीचे, क्रॉस काढलेले नकली चाकू पुष्कळ मिळतात. पात्याच्या मुळाशी कंपनीचे नाव कोरलेले आहे का ते पाहा. सगळी हत्यारे एकेक करून उघडा. टक् आवाज येत नसेल किंवा पाते डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर घेऊ नका. सैल स्प्रिंगचा स्वस्त चाकू हा सगळ्यांत धोकादायक.

नियमही माहीत हवेत. आपल्या देशात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, घरकामाचे वा शेतीचे नसलेले चाकू शस्त्रांच्या नियमांत येतात. वर सांगितलेले खिशातले परदेशी चाकू त्याहून खूप लहान आहेत, तरी विमानात हातातल्या सामानात कोणताही चाकू नेता येत नाही. सुट्टीवर जाताना तो मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर विमानतळावर जप्त होईल. वसतिगृहात तर चाकू ठेवायचाच नाही. आमचे चाकू स्टोअरमध्ये जमा असतात, शिबिराला निघताना सही करून मिळतात आणि परत आल्यावर मोजून घेतले जातात. काही मुलांना हे जाचक वाटते. मला वाटत नाही. स्विस शिपाईसुद्धा आपला चाकू सरकारी सामान म्हणूनच सांभाळतो.

चाकू दुसऱ्याला देताना बंद करून द्यावा, कापताना धार अंगापासून दूर ठेवावी, वापर झाला की पुसून, कोरडा करून, सांध्यात तेलाचा एक थेंब टाकावा. ही तीन कामे जो करील त्याचा कोणत्याही कंपनीचा चाकू वीस वर्षे चालेल.

एल्सनर यांनी कोणती लढाई लढली नाही आणि त्यांच्या छातीवर पदकही नव्हते. एक गरीब प्रांत, एक ओढ्याकाठची कार्यशाळा, आईचे दुकान आणि डोक्यावरचे कर्ज, एवढ्यातून त्यांनी गावातल्या माणसांना गावातच काम दिले. सगळे सोबती निघून गेल्यावर ते टिकले, आणि टिकून राहण्यासाठी काहीतरी अधिक चांगले बनवावे लागते हे त्यांनी ओळखले. त्यांच्या एका चाकूवर आपले नाव आहे, कॅडेट. ते नाव आपण शोभवले पाहिजे.

जय हिंद!